हवा गेली, गाडी जागेवर बसली

लांब पल्ल्याच्या हमरस्त्यावर ट्रक बंद पडला तर मदत लांब असते, पण जागा भरपूर असते. शहराच्या कडेनं गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेमकं उलटं. मदत दोन-तीन चौक पलीकडे असते, पण बाजूला घ्यायला वीतभर जागा नसते. शिवाय मदतीला येणाऱ्यानं यायचं असतं ते आपणच तुंबवलेल्या रस्त्यातून. मी अशाच रस्त्यावर स्वतःची दहाचाकी चालवतो. डेपोतून माल उचलायचा, गोदामात उतरवायचा, परत फिरायचं. अंतर थोडं, पण पाय दिवसभर ब्रेकवर. त्यामुळे इथं गाड्या टायरपेक्षा ब्रेकच्या हवेनं जास्त दगा देतात, असं माझं मत झालंय. माझ्या गाडीनंही हवेवरच दिला.

संध्याकाळी अवजड गाड्यांची बंदी उठते आणि अडवलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. त्या गर्दीत होतो. सिग्नलला थांब, चार गाड्यांएवढं पुढे सरक, परत थांब. अशातच ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष गेलं. टाकी भरली की माझ्या गाडीचा काटा आठ बारच्या जरा वर थांबतो. तो साडेसहावर होता आणि रेस देऊनही चढत नव्हता. काच खाली केली तर मागून सूंऽऽ असा सलग आवाज. ब्रेकवरून पाय काढल्यावर फस्स होतं ते वेगळं, हे वेगळं. हे थांबतच नव्हतं.

कारवाल्यांना वाटतं की ट्रकची हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. पायाचा ब्रेक हवेवर चालतो हे खरं. पण मागच्या चाकांवर जाड स्प्रिंग असतात आणि त्यांची ओढ कायम ब्रेक लावण्याकडेच असते. टाकीतली हवा त्यांना दाबून धरते म्हणून चाक फिरतं. म्हणजे ट्रकचा हँडब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. हवा पुरेशी खाली आली की स्प्रिंग आपणहून ब्रेक लावतात आणि गाडी असेल तिथं बसते. मग मागे कितीही हॉर्न वाजोत. त्याआधी बझर ओरडतो. गाडीगाडीप्रमाणे चार ते साडेपाच बारच्या आसपास कुठंतरी तो लागतो आणि तिथून पुढे आपल्या हातात फार वेळ नसतो.

बझर लागला तेव्हा मी मधल्या लेनमध्ये होतो. पुढे ट्रक थांबवायला काढलेली रुंद जागा आहे हे माहीत होतं, पण तिथपर्यंत हवा पुरणार नाही हे काट्यावरून दिसत होतं. हॅझर्ड लावले. सोबतच्या पोराला सांगितलं, "हात बाहेर काढ आणि आत घेऊ नकोस." कडेची लेन धरली. इथं ब्रेक मारायचा मोह टाळावा लागतो, कारण प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. गिअरवरच वेग मारत कडेला आलो. अर्धी गाडी रस्त्याच्या बाहेर, अर्धी लेनमध्ये. तिथंच हँडब्रेकचा नॉब ओढला. आणखी दोनशे मीटर हावरेपणा केला असता तर मधोमध बसलो असतो.

उतरल्यावरची कामं ठरलेली. अंगात चमकणारं जाकीट, चाकांना ठोकळे, मागे त्रिकोण. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवला तर तो शोभेचाच. मागच्याला गाडी दिसायच्या आधी त्रिकोण दिसला पाहिजे. रेंगाळत्या गर्दीतही मी तीसेक पावलं मागे जाऊन ठेवतो, मोकळ्या वेगवान रस्त्यावर शंभर मीटर. पोराला त्याच्यापाशी नाही, रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं केलं.

मग हवा कुठून जातेय ते शोधलं. हे काम ड्रायव्हरनं करून ठेवलं तर मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. शिवाय त्याला अवजार लागत नाही, कान लागतो. इंजिन चालू ठेवून हवा थोडी भरू दिली. नॉब ओढलेला असताना सगळं शांत. नॉब आत ढकलून हँडब्रेक सोडला की लगेच सूंऽऽ. पायाचा ब्रेक दाबल्यानं आवाजात काही फरक नाही. याचा अर्थ पायाच्या ब्रेकची बाजू शाबूत आहे, फाटलंय ते बूस्टरमधलं, म्हणजे चाकाचा ब्रेक लावणाऱ्या दोन कप्प्यांच्या डब्यातलं, स्प्रिंगच्या बाजूचं रबर. कारण त्या कप्प्यात हवा जाते ती हँडब्रेक सोडल्यावरच. वाकून ऐकलं तर आवाज मागच्या एक्सलच्या बूस्टरमधून येत होता. आणि चाक नेमकं रहदारीच्या बाजूचं.

आधी हेल्पलाइनला फोन केला. गाडीच्या देखभालीच्या करारात ती सोय आहे, पैसे भरलेत, वापरावी म्हटलं. पलीकडच्या मुलीनं गाडीचा नंबर, चासी नंबर, माझं नाव, मालाचा प्रकार, सगळं लिहून घेतलं. ती नीट बोलत होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्यासमोरच्या फॉर्ममध्ये ‘कुठलं चाक’ हा रकानाच नव्हता. तंत्रज्ञ येईल, पाहील, मग पार्ट मागवेल, असं उत्तर मिळालं. म्हणजे एकाच तुंबलेल्या रस्त्यावरून दोन फेऱ्या. त्या गर्दीत दुसरी फेरी म्हणजे रात्र.

मग या पट्ट्यात काम करणाऱ्या एका मिस्त्रींना फोन लावला. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेला. त्यांनी नाव विचारलंच नाही.

"हँडब्रेक सोडल्यावर जाते का पाय दाबल्यावर?"

"सोडल्यावर."

"कुठली बाजू?"

"मागचा एक्सल, रहदारीकडची."

"बूस्टरवर आकडा बघा. तीस-तीस आहे का चोवीस-तीस?"

टॉर्च मारून पाहिलं. हे आकडे म्हणजे आतल्या रबराचं चौरस इंचातलं क्षेत्रफळ. एक पायाच्या ब्रेकच्या बाजूचं, दुसरं स्प्रिंगच्या बाजूचं. चुकीचा बसवला तर एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळा जोर मिळतो आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. तीस-तीस होता. फोटो पाठवला.

पुढचे प्रश्न गाडीबद्दल नव्हतेच. दिव्याच्या खांबाचा नंबर काय? मागे रांग कुठल्या पुलापर्यंत गेलीय? पुढे मोकळी जागा किती लांब? लोड किती? गाडी चढावर आहे का सपाटीला? तेव्हा वाटलं, एवढ्या चौकशा कशाला. नंतर कळलं की येण्याचा रस्ता, सोबतचं सामान आणि कामाचा क्रम हे तीनही त्यांनी त्या फोनवरच ठरवलं होतं. या धंद्यातला मिस्त्री मला हातापेक्षा फोनवरच ओळखू येतो, असं आता मी म्हणतो.

वाट पाहताना गोदामाला कळवलं, वेळ हुकणार. त्यांनी रात्रीची शेवटची वेळ दिली. त्यात विशेष काही नाही.

विशेष घडलं ते वेगळंच. दुचाकीवरून एक जण आला, न बोलावता. अशी माणसं या रस्त्यांवर फिरतच असतात, बंद गाडी दिसली की थांबतात. काही चांगली असतात. हा म्हणाला, "भाऊ, दहा मिनिटांत काढून देतो. मागच्या सगळ्या चाकांचे ब्रेक ढिले करतो, निघा." म्हणजे ॲडजस्टर उलटे फिरवून लायनर ड्रमपासून लांब न्यायचे. गाडी नक्की हलली असती. पण लोड भरलेली गाडी मागच्या ब्रेकशिवाय अशा गर्दीत सोडायची, जिथं पुढच्या बंपरपासून हातभर अंतरावर लोक रस्ता ओलांडतात? नको म्हटलं. तो चिडला नाही. "तुमची मर्जी" म्हणून पुढच्या बंद गाडीच्या शोधात गेला.

मग वाहतूक पोलीस आले. त्यांचा त्रास खरा होता, मागे अख्खा पूल भरला होता. "क्रेन बोलावतो, ओढून बाजूला टाकू." मी सांगितलं, साहेब, ओढली तरी मागची चाकं फिरणार नाहीत, स्प्रिंग लागलेत. ते आधी सोडवावे लागतील. आणि लांब न्यायची तर जॉइंटही, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, खोलावा लागतो, कारण इंजिन बंद आणि चाकं फिरती ठेवली तर गिअरबॉक्समध्ये तेल वर चढत नाही, आतले दाते जळतात. त्यांनी एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडे. मग शिट्टी तोंडात धरून गाड्या दुसऱ्या लेनमध्ये काढायला उभे राहिले. त्यानंतर रांग जरा हलू लागली.

मिस्त्री रांगेतून आलेच नाहीत. त्यांची व्हॅन उलट बाजूच्या रस्त्यानं आली, पुढे जाऊन वळली आणि माझ्या पुढच्या मोकळ्या बाजूनं सर्व्हिस रोडवर थांबली. मागे किती, पुढे किती, हे त्यासाठीच विचारलं होतं. त्यांच्या हाताखालचा पोरगा पिशवी खांद्यावर टाकून आधी चालत आला. साठीकडे झुकलेले मिस्त्री मागून, सावकाश.

आल्यावर त्यांनी अवजार काढलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, ठोकळे पायानं ढकलून पाहिले, मग रहदारीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. बूस्टरखाली शिरायचं म्हणजे पाय लेनमध्ये येणार. "असं मी झोपणार नाही," ते म्हणाले. त्यांनी पोलिसांना विनंती करून व्हॅन सर्व्हिस रोडवरून फिरवून माझ्या गाडीच्या मागे आणली आणि जरा तिरकी लावली. पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून. मागून कुणी धडकलाच तर व्हॅन आमच्यावर न येता बाजूला जावी म्हणून. वर पिवळा दिवा, मागे शंकू. यात पंधराएक मिनिटं गेली असतील. मला घाई होती, पण त्या पंधरा मिनिटांबद्दल माझी काही कुरकुर नाही.

"इथं दुरुस्ती नाही करायची," मिस्त्री म्हणाले. "इथं फक्त हलवायची. दुरुस्ती पुढे, काट्यावर." पुढे वजनकाटा आहे, त्याच्या आवारात सपाट जागा आणि उजेड असतो. नवा बूस्टर व्हॅनमध्ये असूनही त्यांनी तो काढला नाही.

हलवण्याचं काम मी टॉर्च धरून जवळून पाहिलं. बूस्टरच्या मागच्या टोकाला रबरी बूच असतं. ते काढलं. आधी आत टॉर्च मारून स्प्रिंगची प्लेट सरळ बसलीय का ते पाहिलं. आतली स्प्रिंग तुटलेली असेल तर पुढचं करायचंच नाही, त्या बूस्टरला हात न लावता दुसरा उपाय शोधायचा. प्लेट ठीक होती. मग बूस्टरच्याच कुशीत अडकवलेला लांब बोल्ट काढला. तो मागच्या भोकातून आत घातला, पाव फेरा फिरवला आणि ओढून पाहिलं की अडकला का. वॉशर, नट, आणि पाना. पोरानं नट फिरवायची गन पुढे केली तर मिस्त्रींनी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्यानं ती परत ठेवली. आत टनाच्या आसपास जोर दाबलेला असतो. गननं झटके दिले तर बोल्टचे आटे जातील किंवा पकड निसटेल. हातानं, थोडं थोडं. नट फिरतो तसा बोल्ट बाहेर येत गेला, चांगला बोटाएवढा. तेवढी स्प्रिंग मागे ओढली गेली आणि त्या चाकाचा ब्रेक सुटला.

मग त्या बूस्टरकडे जाणारा हँडब्रेकच्या हवेचा पाईप खोलला आणि लाइनीला डमी मारली, म्हणजे तोंड बंद केलं. आता हवा बाहेर जायला वाटच नव्हती. इंजिन चालू केलं, काटा चढू लागला. सहा, सात, आठ. सर्वांनी गप्प बसून ऐकलं. नॉब आत ढकलला. आवाज नाही.

एक गोष्ट मी त्यांना विचारून घेतली: या चाकाला पायाचा ब्रेक आहे ना? "आहे. तो कप्पा वेगळा. फक्त पार्किंगला हे चाक धरणार नाही. थांबलात तर ठोकळे लावायचे, आणि काट्यापलीकडे जायचं नाही." पहिल्या गिअरमध्ये, हॅझर्ड लावून, मागे व्हॅन घेऊन निघालो. पोलिसांनी हात केला. नमस्कार होता का ‘सुटलो एकदाचे’, ते कळलं नाही.

काट्याच्या आवारात मिस्त्री वेगळेच माणूस झाले. बोलू लागले, विनोद करू लागले. रस्त्यावर ते एक शब्द जादा बोलले नव्हते.

जुना बूस्टर काढणं सोपं: दोन पाईप, एक पिन, ब्रॅकेटचे दोन नट. गंज होता, तेल मारून थांबावं लागलं. नवा बूस्टर बोल्ट लावूनच येतो, स्प्रिंग आधीच ओढलेली. पण त्याचा दांडा लांब असतो, सगळ्या गाड्यांना चालावा म्हणून. मिस्त्रींनी जुन्या दांड्याचं माप टेपनं घेतलं, नव्यावर खडूनं खूण केली आणि करवतीनं कापला. मग कापलेली धार कानशीनं घासून घेतली. दांडा लांब राहिला तर ब्रेक लागूनच राहतो, आखूड झाला तर पुरेसा लागत नाही. ब्रेक दाबलेला असताना दांडा आणि ॲडजस्टरचा हात यांच्यात काटकोन आला पाहिजे. तो आला का ते पोराकडून पाय दाबून घेऊन स्वतः खाली वाकून बघितलं, दोन वेळा.

शेवटी डमी काढून पाईप जोडला, हवा भरून नॉब आत ढकलला, बोल्ट सोडवला, कुशीत ठेवला आणि भोकाला बूच लावलं. या बुचाकडे कुणी बघत नाही, पण ते नसलं की पाणी आणि धूळ थेट स्प्रिंगवर. जोडांवर साबणाचं पाणी मारलं, बुडबुडा नाही. इंजिन बंद करून ब्रेक एक मिनिट दाबून धरायला लावला. काटा पाव बारही उतरला नाही तर पास. पास झाला.

बिल कागदावर लिहून दिलं. येण्याचे वेगळे, मजुरीचे वेगळे, बूस्टरचे वेगळे, आणि वाटेत अडकलेल्या वेळेचे वेगळे. शेवटच्या रकमेवर बरेच ड्रायव्हर भांडतात. मी भांडलो नाही. गर्दीत उभी असलेली व्हॅन म्हणजे दुसऱ्या गाडीला न मिळालेला मिस्त्री. मला पटत नाही ते फोनवर एक आकडा सांगून जागेवर दुसरा लावणं. तसं इथं झालं नाही, कारण फोनवर त्यांनी फक्त येण्याचा आकार सांगितला होता आणि बाकी बघून, असं स्पष्ट म्हटलं होतं.

जुना पार्ट मी नेहमी मागून घेतो. त्यांनी दिला नाही. "बोल्टसकट माझ्याकडेच राहू द्या. भंगारवाला पट्टा खोलून पाहतो आणि झाकण थोबाडात बसतं." त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या गोल पट्ट्याच्या आत दाबलेली स्प्रिंग असते, ती मोकळी करायचं काम रस्त्यावरचं किंवा भंगाराच्या दुकानातलं नाही. मी फोटो काढून घेतला, तेवढ्यावर भागलं.

फोटोत एक गोष्ट दिसते. बूस्टरच्या खालच्या छिद्राशी तेलकट ओल आहे. हवेच्या लाइनीत तेल यायला नको. ब्रेक सारखा दाबला की कंप्रेसरला विसावा मिळत नाही, तो तापतो आणि तेल हवेबरोबर पुढे ढकलू लागतो. ते तेल ड्रायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारा फिल्टर, अडवतो, ड्रायर भरला की टाकीत, टाकीतून रबरांपर्यंत. रबर फुगतं, मऊ होतं आणि फाटतं. मिस्त्रींनी निघताना टाकीची कडी ओढून दाखवली. पाण्याबरोबर दुधाळ, चिकट काहीतरी बाहेर आलं.

नंतर वर्कशॉपमध्ये त्याच एक्सलचा दुसऱ्या बाजूचा बूस्टर बदलला, कारण त्यानंही तेच तेल खाल्लं होतं. ड्रायरचं कार्ट्रिज नवं टाकलं, टाक्या धुऊन घेतल्या. कंप्रेसर खोलायचा बाकी आहे. वर्कशॉपवाला म्हणतो रिंगा गेल्यात, मिस्त्री फोनवर म्हणाले, आधी इंजिनकडून येणारी हवेची नळी दबलीय का बघा, तिथं ओढ जास्त झाली तरी तेल वर येतं. नळी उद्या काढून बघणार आहे.